लॅम्डावाले चर्च सर

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. गॅदरिंगच्या वेब पेजवर मी जावास्क्रिप्टच्या लूपने पाच बटणं केली, शून्य ते चार नंबरची. कोणतंही दाबलं तरी उत्तर एकच, पाच! जो नंबर कुठल्याच बटणाचा नव्हता. रात्री दोनपर्यंत डोकं खपवलं. आपल्याला हे जमणारच नाही, असं सकाळी घरी फोन करून सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात या गोष्टीचं मूळ शोधताना अलोन्झो चर्च भेटले.

त्यांचा जन्म १४ जून १९०३ चा, वॉशिंग्टनमधला. वडील न्यायाधीश. पण त्यांची नजर गेली, पद सुटलं आणि कुटुंब व्हर्जिनियातल्या खेड्यात राहायला गेलं. शिकायला काकांनी मदत केली. शाळेत असतानाच एअरगनच्या अपघातात अलोन्झोचा एक डोळा गेला. तरी पोरगा प्रिन्स्टनला पोचला आणि १९२७ मध्ये पीएच.डी. झाला.

१९३२ मध्ये त्यांनी गणिताला पाया म्हणून तर्कशास्त्राची एक मोठी पद्धत मांडली. १९३५ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांनी, क्लेनी आणि रॉसर यांनी, तिच्यात अंतर्विरोध आहे हे दाखवून दिलं. अख्खी इमारत कोसळली! पण पडक्या वाड्यातून शाबूत खांब काढावा तसा चर्च सरांनी त्यातला फंक्शनचा भाग वाचवला. तोच लॅम्डा कॅल्क्युलस. १९३६ मध्ये त्याच्याच जोरावर त्यांनी सिद्ध केलं, की तर्कशास्त्रातलं प्रत्येक विधान सिद्ध होतं का, हे ठरवणारी एकच यांत्रिक रीत असूच शकत नाही. त्याच वर्षी अ‍ॅलन टुरिंग दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले, आणि पुढे १९३८ मध्ये चर्च यांच्याच हाताखाली पीएच.डी. झाले.

लॅम्डा म्हणजे एक खूण. हे नाव या फंक्शनपुरतं, असं ती सांगते. आमच्या हट्ट्यात घरोघरी एक आबा आहेत. आमच्या घरात आबा म्हटलं की माझे आजोबा, शेजारी म्हटलं की त्यांचे. नाव आधी घरात शोधायचं, नाही सापडलं तर गल्लीत, मग गावात. हाच स्कोप. आणि मी हॉस्टेलवर येऊन आबा म्हटलं तरी ते आमच्याच घरचे, कारण मी घर सोबत घेऊन आलेय. हे क्लोजर! हा शब्द पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये वापरला. त्याआधी १९५८ च्या सुमारास मॅकार्थींनी लॅम्डाची खूण लिस्प भाषेत आणली होती.

आता माझी चूक कळली. व्हार लिहिल्यामुळे पाचही बटणांना एकच डबा आठवत होता, आणि लूप संपल्यावर त्यात पाच उरला होता. २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये लेट आहे. तो लिहिला, की प्रत्येक फेरीला नवा डबा. चार अक्षरांचं सुद्धा काम नाही!

जावास्क्रिप्ट मे १९९५ मध्ये तयार झाली. चर्च सर ११ ऑगस्ट १९९५ ला गेले, ९२ व्या वर्षी. विद्यार्थ्यांनी चूक काढल्यावर त्यांनी सगळंच फेकून दिलं असतं, तर? मी फोन केला, पण फक्त आबांची तब्येत विचारायला.