बेटावरची शाळा काढणारे लुई अगासी

मित्रांनो, शास्त्रज्ञ म्हटला की आपल्याला प्रयोगशाळा आणि जाडजाड पुस्तके आठवतात. पण मी आज ज्यांची माहिती देणार आहे, त्यांनी शिकणाऱ्यांना पुस्तके मिटायला लावली आणि थेट समुद्रातल्या बेटावर नेले!

लुई अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. लुईला लहानपणापासून माशांचा भारी नाद. पुढे ते डॉक्टर झाले, पण मन माशांतच रमले. नंतर ते हिमनद्यांच्या मागे लागले. १८४० साली बर्फावरच्या एका मोठ्या शिळेखाली आसरा करून ते साथीदारांसह राहिले. बर्फात खुंट्या ठोकून त्यांनी हिमनदी किती सरकते ते मोजले. एके काळी पृथ्वीचा बराच भाग बर्फाखाली होता, हे त्यांनी जगाला पटवून दिले.

१८४६ साली ते अमेरिकेत गेले व हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांची शिकवायची तऱ्हा न्यारीच होती. नव्या विद्यार्थ्यापुढे ते एक मासा ठेवीत आणि नीट बघ, एवढेच सांगून निघून जात. पुस्तक नाही, भिंग नाही. दिवसच्या दिवस तोच मासा!

त्यांना वाटे की शाळेतल्या शिक्षकांनीच असे बघायला शिकले, तर मुलेही शिकतील. १८७३ साली जॉन अँडरसन नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना पेनिकीज नावाचे छोटे बेट आणि ५० हजार डॉलर दिले. अगासींचे वय तेव्हा ६६ होते व तब्येत ढासळली होती. तरी त्याच उन्हाळ्यात वर्ग भरवायचा, असे त्यांनी ठरवले.

पण बेटावर शाळा म्हणजे काय सोपे काम? लाकूड, खाटा, धान्य, सगळेच बोटीने आणायचे. समुद्राच्या तळातले प्राणी काढायला वेगळी होडी हवी. ८ जुलैला सुरुवात ठरली, आणि दोनच दिवस आधी पाहतात तो राहायच्या इमारतीला जमीनच घातलेली नाही! दिवस रविवारचा, सुट्टीचा. अगासींनी सुतारांना गोळा केले. यात कोणाचा फायदा नाही, हे शिक्षणाचे काम आहे, असे समजावले. सुतारांनी ते ऐकले आणि अंधार पडेपर्यंत राबून फळ्या ठोकल्या. मेंढ्यांच्या गोठ्यात जेवण आणि व्याख्यानाची सोय झाली. सुमारे ५० जण आले. त्यांत बरेच शिक्षक होते, आणि स्त्रियाही होत्या. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती.

एक गोष्ट मात्र मला खटकते. काळे-गोरे सगळे एकाच मुळाचे आहेत, हे अगासींनी मानले नाही. गोऱ्यांना ते श्रेष्ठ समजत. डार्विनचा उत्क्रांतीचा विचारही त्यांनी शेवटपर्यंत नाकारला. माशाकडे इतके नीट बघणारा माणूस माणसांकडे बघताना चुकला. म्हणून थोर माणसाचेही सगळेच खरे मानू नये, असे मला वाटते.

१४ डिसेंबर १८७३ रोजी अगासी वारले. शाळा आणखी एक उन्हाळा चालली नि बंद पडली. पण तिथे शिकलेले गप्प बसले नाहीत. १८८८ साली जवळच्या वुड्स होल गावी समुद्रजीवांची प्रयोगशाळा निघाली. तिचे पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हे पेनिकीजचेच विद्यार्थी! ती प्रयोगशाळा आजही चालू आहे.

अगासींच्या समाधीवर त्यांच्या आवडत्या हिमनदीवरून आणलेली शिळा ठेवली आहे.

मित्रांनो, आपल्याला बेट कुठून मिळणार? पण ओढा आहे, बांध आहे, चिंचेचे झाड आहे. एकच मुंगळा घ्या आणि तासभर त्याच्याकडे बघा. काय काय दिसले ते वहीत लिहा. आणि पालकहो, मुलगा ओढ्यावर वाकून बसलेला दिसला, तर त्याला लगेच हाक मारू नका. तो अभ्यासच करत असेल!