कै. रमाबाई रानडे आणि परिचारिकेचे व्रत

मंडळाच्या वर्धापनदिनी ज्या कर्तबगार स्त्रियांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करतो, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव सहसा असतेच. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. परंतु रुग्णसेवेला आपल्या समाजात मान मिळवून देण्यासाठी झटणाऱ्या स्त्रियांत त्या पुढे होत्या, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे. म्हणून हा अल्प परिचय.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. पती वीस वर्षांनी मोठे व विद्वान. वधूला अक्षरओळखही नाही. माधवरावांनी तिला शिकविण्यास आरंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला, सारे काही झाले. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि पुस्तकही सोडले नाही. पुढे पुण्यास मुलींच्या हायस्कुलासाठी झालेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसाहेबांसमोर इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. हुजूरपागेची ही शाळा १८८४ साली निघाली.

जानेवारी १९०१ मध्ये माधवराव निवर्तले. त्या वेळच्या रूढीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसावे, अशीच अपेक्षा होती. काही काळ त्या जगापासून दूर राहिल्या खऱ्या. पण नंतर बाहेर पडल्या त्या दुसऱ्यांच्या दुःखाच्या वाटेने. कारागृहातील बंदिवान स्त्रियांना भेटावे, इस्पितळातील रुग्णांना फळे-फुले द्यावीत, असा त्यांचा क्रम सुरू झाला. सुधारशाळेतील मुलांकडेही त्या जात, सणावारी त्यांना खाऊ वाटीत आणि त्यांच्याशी बोलत बसत. लोकांनी वाया गेलेली म्हणून सोडून दिलेली ही पोरे! त्यांना शिक्षा करणारे पुष्कळ होते. जवळ बसून विचारपूस करणारे विरळा.

१९०९ साली पुण्यास सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई त्याचा प्राण बनल्या. शिवण, अध्यापन यांबरोबर परिचारिकेचे शिक्षण हेही संस्थेचे अंग झाले. लंडनला नाइटिंगेलबाईंची शाळा १८६० सालीच निघाली होती. आपल्याकडे मात्र परक्या पुरुषाची शुश्रूषा करणे आणि जातपात न पाहता रुग्णाला स्पर्श करणे कुलीन घरांना खपत नसे. अशा काळात सेवासदनाच्या मुली, त्यांत कित्येक विधवा, ससून रुग्णालयात शिकावयास जाऊ लागल्या. लोकनिंदा झाली, रमाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६२ साली, सरकारने टपालाचे तिकीट काढले.

रमाबाईंच्या हयातीत आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आज अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि परिचारिकेचा पोशाख कोणास नवा नाही. तरीही एक काम अजून पडद्याआड आहे. ते म्हणजे मुलांच्या व किशोरवयीनांच्या मनाच्या आजारातील शुश्रूषा. दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला जातात आणि मूल आजीपाशी राहते. ते जेवत नाही, बोलत नाही, रात्री दचकून उठते. आपण म्हणतो, बाहेरचे झाले. आणि देवऋषाकडे नेतो. मुलगी गप्प राहू लागली, तर लग्न उरकून टाका, असा सल्ला मिळतो.

अशा मुलाला परिचारिका प्रथम बोलते करते. त्याची झोप, भूक, भीती टिपून ती डॉक्टरांना सांगते, औषध वेळेवर देते, आईला धीर देऊन समजावते. मुलाने विश्वासाने सांगितलेले ती चव्हाट्यावर मांडत नाही. मात्र जिवाला धोका असेल तर लपवीतही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे, आणि त्याच्याजवळ त्याचे माणूस पूर्ण वेळ राहावे, असे ठरविले आहे. तेव्हा मूल कोठे तरी कोंडले जाईल, या भीतीने आईने उपचार टाळू नयेत. दवाखाना दूर असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

भगिनींनो, लेकीने नर्स व्हायचे म्हटले, तर आजही काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. त्याच घरातील लेकरू आजारी पडले, की रात्रभर उशाशी बसणारी नर्सच लागते. रमाबाईंनी शंभर वर्षांपूर्वी विधवांना ज्या वाटेने धाडले, त्या वाटेने आपली मुलगी जाऊ म्हणेल तेव्हा तिला अडवू नये, आणि शेजारचे मूल गप्प राहू लागले तर त्याच्या आईचे बोट धरून दवाखान्यापर्यंत जावे. एवढे तरी आपल्या मंडळाला सहज करता येईल.