जनरल थोरात: १९६२चं युद्ध आधीच नकाशावर मांडणारे कोल्हापूरचे सेनानी

ऑगस्ट २०१९चा महापूर आठवतोय? मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही माहिती आहे. पातळीचा आकडा दर थोड्या वेळानं व्हॉट्सॲपवर येत होता, ड्रोनचे व्हिडिओ फिरत होते. आमच्या घरात सगळ्यांनी ते बघितले. पण काकांचं एकच म्हणणं होतं, आपल्या दारापर्यंत पाणी आजवर आलेलं नाही, आता कसं येईल? त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आम्ही बोटीतून बाहेर पडलो. आजीच्या औषधांची पिशवी घरातच राहिली.

म्हणजे माहिती होती, फोटो होते, आकडे होते. नव्हता तो निर्णय. हवाई टेहळणी आणि लष्करी गुप्तवार्ता यांबद्दल वाचताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणून आजच्या लेखात आपण टेहळणीचं तंत्रज्ञान तर बघूच, पण ते आपल्याच कोल्हापूरच्या एका माणसाच्या आयुष्यातून. त्यांचं नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. सैन्यात सगळे त्यांना एस. पी. पी. थोरात म्हणून ओळखायचे.

वडगाव ते सँडहर्स्ट

थोरातांचा जन्म १९०६ सालचा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. वडील डॉ. पी. सी. पाटील शेतीशास्त्रातले मोठे जाणकार होते. त्या काळी भारतीय मुलाला सैन्यात अधिकारी व्हायचं तर इंग्लंडमधल्या सँडहर्स्ट अकादमीत जावं लागे आणि तिथं भारतीयांना अगदी मोजक्या जागा मिळत. थोरात तिथून १९२६ मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडले. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी वर्दीत काढली.

आराकान: जमिनीवरून काहीच दिसत नाही तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा आराकान किनारा म्हणजे सैनिकासाठी डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा भाग होता. सगळीकडे खाड्या, तिवरांची दलदल आणि जंगलानं झाकलेल्या टेकड्या. पन्नास पावलांवर बसलेला जपानी सैनिकही दिसायचा नाही. अशा ठिकाणी वरून बघणारा कोणीतरी लागतो.

हे काम करणाऱ्या तुकड्यांमध्ये आपल्या हवाई दलाची ६ नंबरची स्क्वाड्रन होती. तिचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग. १९४३च्या अखेरीपासून १९४४च्या मध्यापर्यंत या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं आराकानवर घिरट्या घालत होती. चौदाव्या सैन्याचे डोळे अशीच तिची ख्याती झाली. पद्धत साधी होती. विमानं जोडीनं जायची. पुढचा वैमानिक खाली बघायचा, फोटो काढायचा. मागचा सतत डावी-उजवीकडे वळत शत्रूच्या विमानांवर नजर ठेवायचा. परतल्यावर फिल्म धुतली जायची आणि फोटो जमिनीवरच्या सैन्याकडे रवाना व्हायचे. कामगिरीबद्दल मेहर सिंग यांना डीएसओ मिळालं. हा सन्मान मिळालेले ते भारतीय हवाई दलातले एकमेव अधिकारी.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९४५ मध्ये, थोरात याच आराकानात कांगॉच्या लढाईत होते. ५१व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचं नेतृत्व भारतीयांकडे होतं: थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. जपान्यांचा माघारीचा रस्ता तोडायचा होता. घनघोर लढाई झाली. थोरातांच्या पंजाब रेजिमेंटच्या पलटणीनं टेकडीवरच्या जपानी खंदकांवर थेट चढाई केली. तिघांनाही डीएसओ मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहेत.

कोरिया: जिथं कॅमेरा चालत नाही

१९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं. पण मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैद्यांचं करायचं काय, हा पेच उरला. ते सांभाळायची जबाबदारी भारताकडे आली. तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि प्रत्यक्ष पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियानं भारतीय सैन्याला आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरनं छावणीत नेलं गेलं.

एके दिवशी चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेलं. गोळीबार केला तर शेकडो माणसं मेली असती, मेजरही वाचला नसता. थोरात नि:शस्त्र आत गेले. कैदी घोषणा देत होते, रडत होते. थोरातांनी आधी त्यांना मोकळं होऊ दिलं. मग आपल्याच अंदाजात तक्रार केली की चिनी माणसं पाहुणचारासाठी प्रसिद्ध, आणि इथं इतका वेळ झाला तरी चहा नाही की सिगारेट नाही. वातावरण सैल झालं. चहा आला, सिगारेट आली आणि थोड्या वेळानं थोरात मेजरला घेऊन बाहेर आले.

या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळालं, म्हणजे आजचं कीर्तिचक्र. पण मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. समोरचा काय करेल हे ओळखायचं तर तो कशाला घाबरतो हे आधी कळावं लागतं. कुठल्याही कॅमेऱ्यात ते येत नाही.

आता थोडं तंत्रज्ञान: आकाशातून काढलेला फोटो वाचतात कसा?

१९५०च्या दशकाच्या शेवटी भारताकडे टेहळणीसाठी कॅनबेरा पीआर ५७ ही जेट विमानं आली. १०६ नंबरच्या स्क्वाड्रनकडे हे काम होतं. बंदुका नाहीत, बॉम्ब नाहीत, पोटात नुसते मोठे कॅमेरे.

फोटोत एखादी वस्तू किती मोठी दिसेल याचं सूत्र अगदी सोपं आहे: जमिनीपासूनची उंची भागिले भिंगाची फोकल लेंथ. समजा फोकल लेंथ ३६ इंच, म्हणजे ३ फूट. विमान ४०,००० फुटांवर आहे आणि खाली समुद्र आहे. ४०,००० भागिले ३ केलं की प्रमाण येतं साधारण १ : १३,३३३. म्हणजे फिल्मवरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १३ मीटर. तेच विमान तिबेटवर नेलं तर? तिथली जमीनच सुमारे १५,००० फूट उंच. मग जमिनीपासूनची उंची राहिली २५,००० फूट, आणि फिल्मवरचा १ मिलिमीटर म्हणजे ८ मीटरच्या आसपास. लष्करी ट्रक फिल्मवर मिलिमीटरपेक्षाही छोटा ठिपका. आपण मोबाईलवर दोन बोटांनी झूम करतो, तेव्हा लोक हातात भिंग धरून ते ठिपके मोजायचे.

दुसरी युक्ती म्हणजे एकावर एक येणारे फोटो. विमान पुढे सरकताना प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला साधारण ६० टक्के भाग पुन्हा घेतला जातो. एकच जागा दोन कोनांतून टिपली जाते. स्टिरिओस्कोप नावाच्या चष्म्यासारख्या उपकरणातून एका डोळ्यानं एक आणि दुसऱ्या डोळ्यानं दुसरा फोटो बघितला की टेकड्या, खंदक, छपरं सगळं उठून दिसतं. २००५ मध्ये इस्रोनं सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहात दोन कॅमेरे वेगवेगळ्या कोनांत बसवले होते, ते याच तत्त्वासाठी.

तिसरी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून आपण काय बदललं ते बघतो ना? इथंही तेच. महिन्यापूर्वीचा फोटो आणि आजचा. नवीन रस्ता, वाढलेल्या बराकी, चाकांच्या खुणा. बातमी असते ती या बदलात.

१९६० ते १९६२ या काळात या स्क्वाड्रनचे जगमोहन नाथ यांनी अक्साई चीन आणि तिबेटवर अशी अनेक उड्डाणं केली. चिनी सैन्याची जमवाजमव फिल्मवर उमटत होती. त्यांना १९६२च्या आणि पुन्हा १९६५च्या कामगिरीसाठी महावीरचक्र मिळालं. दोनदा महावीरचक्र मिळवणारे ते पहिले.

लखनौ, १९६०: युद्धाची रंगीत तालीम

हे फोटो आकाशातून निघत होते, त्याच काळात जमिनीवर थोरात त्याच प्रश्नाशी झुंजत होते. ते तेव्हा पूर्व कमांडचे प्रमुख होते आणि त्यांचं मुख्यालय लखनौला होतं. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्यांच्या अखत्यारीत आला. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली. ऑक्टोबरमध्ये थोरातांनी नेफाच्या संरक्षणावर सविस्तर अहवाल दिल्लीला पाठवला.

अहवालाचं सार असं: सीमेवरच्या दूरदूरच्या चौक्या मोठा हल्ला थोपवू शकत नाहीत. त्या फक्त इशारा देण्यासाठी ठेवा. खरी लढाई मागे द्या, जिथं आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते. आणि त्यासाठी आणखी सैन्य, रस्ते, साधनं द्या. सध्या हातात जे आहे त्यात नेफा राखता येणार नाही.

लष्करप्रमुख तेव्हा थिमय्या होते, कांगॉचे जुने सोबती. त्यांना अहवाल पटला आणि त्यांनी तो संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांना त्यात उगाच घाबरवण्याचा सूर दिसला. चीन मोठं युद्ध करणार नाही, खरा धोका पाकिस्तानचा, असं त्यांचं मत होतं.

थोरात गप्प बसले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौला लाल किल्ला नावाचा सराव घेतला. आपण नवीन ॲप लोकांपुढे आणायच्या आधी लोड टेस्ट करतो, एकदम हजारो वापरकर्ते आले तर कुठं कोसळेल ते बघतो. हा तसाच प्रकार. चीन कुठून येईल, कुठली ठाणी किती दिवसांत पडतील, हे नकाशावर मांडून बघितलं. उत्तर तेच आलं.

ब्लू टिक आलीच नाही

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांची शिफारस होती. सरकारनं जनरल थापर यांना निवडलं. थापरही ज्येष्ठच होते, पण पूर्व सीमेचा हा अभ्यास ज्यानं केला होता तो माणूस घरी गेला. पूर्व कमांड आली एल. पी. सेन यांच्याकडे, म्हणजे कांगॉच्या तिसऱ्या सोबत्याकडे.

पुढचं सगळ्यांना माहिती आहे. २० ऑक्टोबर १९६२ला चीननं हल्ला केला. काही दिवसांत तवांग गेलं. नोव्हेंबरमध्ये से ला आणि बोमडी ला पडलं. २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःहून युद्धबंदी जाहीर केली. लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. लखनौच्या नकाशावर जे दिसलं होतं, त्याच्याशी प्रत्यक्ष घटना थक्क करण्याइतक्या जुळल्या.

पराभवानंतर पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. थोरातांनी आपला अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. आत्मचरित्रात ते सांगतात की नेहरूंनी तो तोवर पाहिलेलाच नव्हता. हा आपल्याला का दाखवला नाही, असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर मेननच देऊ शकतील, एवढंच थोरात म्हणाले.

तीन वर्षं. मेसेज लिहिला, पाठवला, एका टप्प्यावर पोचलाही. पण ज्यानं निर्णय घ्यायचा होता त्याच्यापर्यंत गेलाच नाही. मधल्या माणसाला तो पटला नाही आणि तिथंच थांबला. त्याची किंमत बर्फात सुती कपड्यांवर लढलेल्या जवानांनी मोजली.

आपण यातून काय घ्यायचं?

थोरात पुढे कोल्हापुरात राहिले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये इथंच वारले. आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं नोंदवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते कळतं.

आज उपग्रह आहेत, तासन्‌तास उडणारे ड्रोन आहेत, ठिपके मोजायला एआय आहे. डोळे कितीतरी तीक्ष्ण झालेत. पण साखळी तीच आहे: बघणं, वाचणं, पोचवणं, विश्वास ठेवणं, पाऊल उचलणं. पहिल्या दोन पायऱ्या यंत्रं आपल्यापेक्षा चांगल्या करतात. शेवटच्या दोन अजूनही माणसाच्याच आहेत, आणि न पटणारी बातमी बाजूला सारायची माणसाची सवय कुठल्याही अपडेटनं गेलेली नाही.

म्हणून मी ऑफिसात अलर्टची सिस्टिम बनवताना एक नियम पाळतो. अलर्ट गेला एवढ्यावर काम संपलं असं धरायचं नाही. कोणी बघितला, कोणी नाकारला आणि नाकारल्यावर तो वरच्या माणसाकडे आपोआप जातो का, हे तपासायचं. आणि घरचा नियम आमच्या काकांनीच घालून दिलाय. आता पंचगंगा ३९ फुटांवर गेली की आजीच्या औषधांची पिशवी आधी दारात येऊन बसते.