वयाला न जुमानणारा कर्णधार : सी. के. नायडू

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहराजवळ नवा रायपूर वसवण्यात आला आहे. तेथील शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट मैदानावर १६ मार्च २०२५ रोजी एक आगळा सामना रंगला. इंटरनॅशनल मास्टर्स लीग या स्पर्धेच्या त्या अंतिम सामन्यात भारत आणि वेस्ट इंडीज यांचे निवृत्त खेळाडू समोरासमोर उभे होते. भारतीय संघाचे कर्णधार सचिन तेंडुलकर तेव्हा ५१ वर्षांचे होते, आणि विजय त्यांच्याच संघाचा झाला. त्यापूर्वी २०२१ व २०२२ मध्येही निवृत्त खेळाडूंच्या रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज या स्पर्धेचे अंतिम सामने याच मैदानावर झाले होते.

ज्येष्ठ खेळाडूंसाठी वेगळी स्पर्धा भरवण्याची कल्पना जुनी आहे. १९३७ साली अमेरिकेतील ऑगस्टा येथे व्यावसायिक गोल्फपटूंची सीनियर पीजीए अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूंसाठी असलेली ही स्पर्धा गोल्फच्या जगात मानाची समजली जाते. जॉक हचिसन हे तिचे पहिले विजेते. पन्नाशीनंतर शरीराची चपळता कमी होते, तेव्हा ज्येष्ठांनी ज्येष्ठांशीच खेळावे, असा विचार अशा स्पर्धांमागे असतो. तो योग्यच आहे. परंतु भारतात त्याच काळात एक खेळाडू असा होता, की ज्याने पन्नाशीनंतरही तरुणांच्याच मैदानात उभे राहणे पसंत केले. त्यांचे नाव कोट्टारी कनकय्या नायडू. सारा देश त्यांना सी. के. नायडू या नावाने ओळखतो.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी होती आणि रायपूरही याच प्रांतात मोडत असे. नागपुरातील शाळेत शिकत असतानाच त्यांना क्रिकेटची गोडी लागली. उंचपुरी, सडसडीत शरीरयष्टी आणि ताठ चाल यांमुळे ते मैदानावर चटकन नजरेत भरत.

त्या काळी मुंबईतील क्रिकेट सामने धर्मावर आधारलेल्या संघांमध्ये होत. १९१६ साली नायडू प्रथमच हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध खेळले. पुढे १९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून घेतले आणि सैन्यात अधिकारपद दिले. त्या दिवसांत क्रिकेट खेळून पोट भरणे अवघड होते. संस्थानच्या नोकरीमुळे नायडूंच्या चरितार्थाचा प्रश्न सुटला आणि त्यांना खेळाकडे पूर्ण लक्ष देता आले. पुढे त्यांच्या नावामागे लागलेली कर्नल ही पदवी याच सेवेतली.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा एमसीसी हा संघ भारतात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाची त्याच्याशी गाठ पडली. नायडू फलंदाजीस आले आणि पाहता पाहता सामन्याचा रंग पालटला. दोन तासांपेक्षाही कमी वेळात त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेल्या गोलंदाजांचे चेंडू एक भारतीय फलंदाज सीमेपार भिरकावून देत आहे, हे दृश्य प्रेक्षकांना नवे होते. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या बरोबरीने खेळू शकतात, हा विश्वास त्या खेळीने दिला. त्यानंतर १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि कसोटी क्रिकेटची वाट मोकळी झाली.

१९३२ मध्ये भारताचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला. संघाचे नेतृत्व एखाद्या संस्थानिकाकडेच असावे, अशी त्या काळची रीत होती. त्यानुसार पोरबंदरचे महाराज कर्णधार म्हणून गेले. मात्र महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा ठाऊक होती. कसोटीच्या वेळी ते बाजूला झाले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्यात न जन्मलेल्या माणसाच्या हाताखाली खेळणे काही खेळाडूंना रुचले नाही. परंतु महाराजांचा निर्णय कायम राहिला.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार म्हणून उतरले. भारतीय गोलंदाजांनी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी करून सर्वांना चकित केले. क्षेत्ररक्षण करताना नायडूंच्या हाताला दुखापत झाली, तरीही पहिल्या डावात भारताच्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारताने तो सामना १५८ धावांनी गमावला. मात्र संपूर्ण दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. विस्डेन या इंग्लंडमधील प्रतिष्ठित क्रिकेट वार्षिकाने १९३३ साली वर्षातील उत्कृष्ट खेळाडूंमध्ये त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हाही नायडूच कर्णधार होते. पण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पुन्हा जुनी रीत वरचढ ठरली. कर्णधारपद विजयनगरमचे महाराजकुमार यांना देण्यात आले आणि नायडूंना त्यांच्या हाताखाली खेळावे लागले. संघात गट पडले, मानापमानाचे प्रसंग घडले. नायडूंनी आपले उत्तर बॅटीने दिले. ओव्हल मैदानावरील अखेरच्या कसोटीत वेगवान गोलंदाजीचा मारा अंगावर घेत त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील ती त्यांची सर्वोच्च खेळी ठरली. तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना होता. ते चाळिशीत होते. सात कसोटी सामने आणि ३५० धावा एवढ्यावर त्यांची कसोटी कारकीर्द थांबली.

दुसरा कोणी असता, तर त्याने येथेच खेळाचा निरोप घेतला असता. नायडूंच्या आयुष्याचा दुसरा डाव मात्र आता सुरू झाला. होळकर संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी तरुण खेळाडू जमवले आणि त्यांना घडवले. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड असे गुणी खेळाडू त्या संघात होते. नायडूंची शिस्त कडक होती. पण जे इतरांना सांगायचे, ते आधी स्वतः करायचे, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात होळकर संघाने ४ वेळा रणजी करंडक जिंकला.

यांतील पहिल्या विजयाच्या वेळी, बडोदे संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या. तेव्हा ते ५० वर्षांचे होते. ज्या वयात गोल्फपटू ज्येष्ठांच्या स्पर्धेत प्रवेश करतो, त्या वयात त्यांनी तरुण गोलंदाजांविरुद्ध आपल्या प्रथम श्रेणी कारकिर्दीतील सर्वांत मोठी खेळी केली. पन्नाशीनंतरचीच आणखी एक हकीकत सांगितली जाते. मुंबईचे गोलंदाज दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि दात तुटले. फडकर ओशाळले. नायडूंनी पडलेले दात खेळपट्टीवरून दूर केले, वेग कमी न करण्यास फडकरांना बजावले आणि खेळ पुढे चालू ठेवला. वयाची सवलत घ्यायची नाही आणि कोणी दिली तर ती स्वीकारायची नाही, हा त्यांचा बाणा होता.

१९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या रणजी हंगामात, वयाची साठी उलटलेली असताना, ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार म्हणून मैदानात उतरले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा करून आले. प्रथम श्रेणीचा अखेरचा सामना ते १९६३-६४ मध्ये नागपूर येथे खेळले. तेव्हा त्यांचे वय ६८ वर्षे होते. ज्या शहरात त्यांनी प्रथम बॅट हाती धरली, त्याच शहरात सुमारे ४७ वर्षांची प्रथम श्रेणी कारकीर्द पूर्ण झाली. या काळात त्यांनी ११ हजारांहून अधिक धावा आणि ४०० हून अधिक बळी आपल्या नावावर जमा केले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले.

आज भारतीय क्रिकेटमध्ये नायडूंच्या नावाने दोन मोठे सन्मान आहेत. आयुष्यभर क्रिकेटची सेवा केलेल्या ज्येष्ठ खेळाडूला भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार देते. दुसरीकडे, कर्नल सी. के. नायडू करंडकासाठी देशभरातील राज्यांचे तेवीस वर्षांखालील तरुण झुंजतात. एकाच माणसाचे नाव ज्येष्ठांच्या पुरस्काराला आणि तरुणांच्या करंडकाला एकसारखेच शोभून दिसते.