सावित्रीबाई आणि त्यांची विद्यार्थिनी



सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी त्या जन्मल्या. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

लग्नानंतर जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवले. पुढे अहमदनगरला फॅरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई या मिशनरी शिक्षिकांकडे त्यांनी शिकवण्याचे धडे घेतले. म्हणजे शिक्षिका होण्याआधी सावित्रीबाई स्वतः विद्यार्थिनी होत्या. पण शिकलेले त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली. वाटेत लोक अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत. शिकवणे मात्र त्यांनी सोडले नाही.

त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. १८५५ साली, जेमतेम चौदा वर्षांची असताना, तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या लोकांना ज्ञानापासून दूर ठेवणाऱ्यांना तिने त्यात उघड जाब विचारला. डोक्यावर छप्पर नसताना थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल मांडले. हे दुःख तिच्या स्वतःच्या वस्तीतले होते. शाळेने तिला ते लिहायला अक्षरे दिली आणि धीरही दिला.

शिकवणाऱ्यांचे वागणेही तसेच होते. १८६८ साली फुले दांपत्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या शेजाऱ्यांना खुला केला. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाईंचे वय सहासष्ट होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

आज आपली मुले वस्तीतील पाणी, रस्ता, कचरा यांसाठी अर्ज घेऊन निघाली, की आपण वडीलधारी माणसे चटकन त्यांना अभ्यासाची आठवण करून देतो. आपली काळजी खोटी नाही. परीक्षा तर द्यायचीच आहे. पण मुक्ताचा निबंध हा तिचा अभ्यासच होता. तिच्या शिक्षकांनी तिला गप्प बसवले असते, तर त्या बायांचे हाल कोणी लिहिले असते?

आपल्या धर्मग्रामातील युवक-युवती असा अर्ज घेऊन दारात आल्या, तर आपण त्यांना आत बोलवावे, अर्ज नीट वाचावा, चुकले असेल तर सुधारून द्यावे आणि पटल्यास सही करावी.