हेझल स्कॉट : बाखपासून जॅझपर्यंत

१९४३ सालची गोष्ट. दुसरे महायुद्ध चालू होते आणि हॉलिवूडमध्ये ‘द हीट्स ऑन’ या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू होते. प्रसंग असा : कृष्णवर्णीय सैनिक लढाईवर निघाले आहेत आणि घरच्या बायका त्यांना निरोप देत आहेत. त्या बायकांना कपडे दिले होते मळक्या एप्रनचे. चित्रपटात पियानो वाजवणाऱ्या हेझल स्कॉटला ते खपले नाही. जवानाला निरोप द्यायला कोणी अशा अवतारात येते का, असा तिचा सवाल होता. सुटी संपवून परत निघताना स्टेशनवर आलेली आपली आई आठवा, म्हणजे हे भांडण कशाचे होते ते कळेल. तीन दिवस हेझल कामावर गेली नाही. अखेर कपडे बदलले; पण स्टुडिओच्या मालकांनी डूख धरला आणि दोनेक वर्षांत तिचे चित्रपट थांबले.

हेझलचा जन्म ११ जून १९२० रोजी त्रिनिदादमध्ये झाला. चार वर्षांची असताना ती न्यूयॉर्कला आली. आई आल्मा स्वतः अभिजात पियानो शिकलेली. पुढे तिने सॅक्सोफोन हाती घेतला आणि ती जॅझ वाजवू लागली. फॅट्स वॉलर, आर्ट टेटम यांच्यासारख्या उस्तादांचे घरी येणेजाणे असे. आठव्या वर्षी हेझल ज्युलियार्ड या नामांकित संगीत विद्यालयात परीक्षेला गेली. प्रवेशाचे वय होते १६! तिने राखमानिनोव्हचे सी-शार्प मायनर प्रील्यूड वाजवले. चिमुकली बोटे जिथे पोहोचेनात तिथे तिने जवळचे, कानाला बरे वाटणारे स्वर घातले. नियमाने ही चूकच. मला मात्र वाटते, जॅझवाली हेझल तिथेच दिसली. तेथील एका प्राध्यापकांनी तिला खासगी शिकवायचे ठरवले.

१९३९ पासून ती ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात वाजवू लागली. गोरे-काळे श्रोते एकत्र बसत, असा तो त्या काळातला दुर्मिळ क्लब. बाख किंवा लिस्ट ती आधी अगदी शिस्तीत वाजवी. मग डावा हात हळूच ठेका बदले आणि तीच रचना जॅझ होऊन नाचू लागे. काही समीक्षकांना हा पोरखेळ वाटला. पण मूळ रचना बोटांत पक्की बसल्याशिवाय अशी गंमत साधत नाही. १९४० मध्ये या वादनाच्या रेकॉर्ड निघाल्या. त्यांत लहानपणीचे ते प्रील्यूडही होते.

श्रोत्यांना वर्णानुसार वेगळे बसवले तर वाजवणार नाही, अशी अट ती करारातच घाली. १९४८ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे लोक जमले होते, पण काळे एका बाजूला आणि गोरे दुसऱ्या बाजूला. ते पाहून ती न वाजवताच परतली.

जुलै १९५० मध्ये तिला दूरचित्रवाणीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. त्याच सुमारास कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेतलेल्या कलावंतांच्या यादीत तिचे नाव छापले गेले. २२ सप्टेंबरला ती आपण होऊन संसदीय समितीपुढे गेली आणि तिने आरोप नाकारला. आठवडाभरात कार्यक्रम बंद झाला.

काही वर्षांनी तिने पॅरिस गाठले आणि १९६० च्या दशकात ती न्यूयॉर्कला परतली. मोठी सभागृहे आता नव्हती. पुन्हा क्लब, पुन्हा पियानो. २ ऑक्टोबर १९८१ रोजी तिथेच तिचे निधन झाले.