नामदार गोखले यांचे अखेरचे टिपण

बसवनगुडीच्या बाजूला बुल टेंपल रोडने जाताना गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. १९४५ साली ही संस्था स्थापन केली ती कन्नडचे थोर साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी. एका कन्नड विद्वानाला आपल्या संस्थेसाठी कोकणातल्या माणसाचे नाव घ्यावेसे वाटले, यातच त्या माणसाची थोरवी आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी पितृछत्र हरपले. वडीलबंधू गोविंदरावांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली बी. ए. झालेल्या गोपाळरावांनी त्यानंतरची सुमारे अठरा वर्षे पुण्यात अध्यापनात वेचली. न्यायमूर्ती रानडे यांच्या कडक शिस्तीत त्यांनी राज्यकारभार व अर्थकारण यांचा अभ्यास केला.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेला गेले. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात झालेल्या जुलमाविषयी आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तेथे काही आरोप जाहीर केले. परत आल्यावर ते सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी उघड माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली. तो घाव त्यांनी निमूटपणे सोसला. पुढे वरिष्ठ कायदेमंडळातील त्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांत आकड्यांचा आधार नाही असे विधान सहसा सापडत नाही.

१९०८ साली विकेंद्रीकरण कमिशनपुढे त्यांनी जी योजना मांडली, ती आम्हा सरकारी नोकरांनी अवश्य अभ्यासावी. तळाशी ग्रामपंचायती, मध्ये जिल्हा मंडळे आणि वर लोकांचे प्रतिनिधी असलेली कायदेमंडळे, अशी ती तीन पायऱ्यांची रचना होती. अधिकार एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला म्हणजे विकेंद्रीकरण झाले असे त्यांना वाटत नव्हते. तो अधिकार लोकांना जाब देणाऱ्यांच्या हाती गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९१५ च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या विनंतीवरून त्यांनी राज्यघटनेतील सुधारणांचे एक टिपण तयार केले. प्रकृती पार ढासळली होती. प्रांतांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता असावी, गव्हर्नरच्या सहा सदस्यांच्या मंडळात तीन हिंदी असावेत, प्रांतिक कायदेमंडळातील किमान चार पंचमांश सभासद निवडलेले असावेत, अशा त्यात सूचना होत्या. टिपण पुरे झाले आणि दोनच दिवसांनी, १९ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नामदारांनी देह ठेवला. १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते टिपण प्रसिद्ध झाले, तेव्हा काळ पुढे गेला होता. त्यातील मागण्या अपुऱ्या आहेत असे अनेकांना वाटले.

त्या अपुऱ्या होत्याच. अंतिम सत्ता तेव्हाही ब्रिटिशांच्याच हाती राहणार होती. परंतु प्रांतिक स्वायत्तता १९३५ च्या कायद्याने येऊन १९३७ साली अमलात आली. पंचायतींना तर घटनेत भक्कम स्थान मिळाले ते १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने. आधी पाया मग कळस, हा त्यांचा क्रम देशाला अखेर मानावा लागला.

घरापासून दूर, केंद्र सरकारच्या चाकरीत आयुष्य घालविलेल्या मजसारख्याला त्यांचा राष्ट्रवाद विशेष जवळचा वाटतो. तो कोणाच्या द्वेषावर उभा नव्हता. आपल्या गावाचा कारभार नीट पाहावा आणि साऱ्या देशाला आपले मानावे, या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. बंगळूरच्या मराठी माणसाने त्या पाटीपाशी क्षणभर थांबावे, ते एवढ्याचसाठी.